एचआरचं टेबल मिडपॉइंटला जोडताना

मिडपॉइंट म्हणजे कर्मचाऱ्यांची वेगवेगळ्या सिस्टिममधली खाती सांभाळणारं सॉफ्टवेअर. त्याला डेटाबेसशी जोडणारा डेटाबेस टेबल कनेक्टर एका वेळी एकच टेबल बघतो, जॉइन (दोन टेबलं एकत्र वाचणं) त्याला जमत नाही. कर्मचारी एका टेबलात आणि शाखा (अंधेरी, ठाणे, ऐरोली) दुसऱ्यात असतील तर डेटाबेसमध्ये व्ह्यू (टेबलासारखी वाचता येणारी साठवलेली क्वेरी) करा आणि कनेक्टरला टेबल म्हणून त्याचंच नाव द्या. नुसतं वाचायचं असेल तर कनेक्टरच्या लॉगिनला त्या व्ह्यूवर फक्त सिलेक्टचा हक्क पुरे.

व्ह्यूत एका माणसाची एकच ओळ हवी. दोन शाखांचा चार्ज असलेला माणूस दोनदा आला की पुढचं सगळं गंडतं. म्हणून कर्मचारी कोडवर ग्रुप बाय करून, काउंट एकपेक्षा जास्त येतोय का ते आधी तपासा.

खरी मेख ‘की कॉलम’मध्ये, म्हणजे प्रत्येक ओळ ओळखण्यासाठी कनेक्टरला सांगितलेल्या कॉलममध्ये. त्याचीच किंमत खात्याचा यूआयडी (खातं ओळखायचा आयडी) होते आणि नावही. म्हणून ईमेल किंवा मोबाइल नंबर इथे नको: लग्नानंतर ईमेल बदलला की जुनं खातं गेलं आणि नवं आलं असं सिस्टिमला दिसतं. कर्मचारी कोड घ्या, तोही मजकूर म्हणूनच, नाहीतर ००४१७ चा ४१७ होतो. पोस्टग्रेस किंवा ओरॅकलमध्ये कॉलम कॅर (ठरावीक लांबीचा मजकूर) प्रकारचा असेल तर शेवटी रिकाम्या जागा चिकटून येतात आणि कोरिलेशन (खातं कोणत्या माणसाचं ते जुळवणं) होत नाही. व्ह्यूतच ट्रिम करा. मिडपॉइंटच्या स्कीमात (कॉलमांच्या यादीत) हा कॉलम स्वतःच्या नावाने दिसत नाही, शोधत बसू नका. इनबाउंड मॅपिंग (टेबलातली किंमत मिडपॉइंटमध्ये आणायचा नियम) आयसीएफएस नेमवर लिहायचं, तिथे हा कॉलम याच नावाने असतो.

लाइव्ह सिंकसाठी, म्हणजे नवे बदल थोड्या थोड्या वेळाने उचलण्यासाठी, चेंज लॉग कॉलम (ओळ शेवटची कधी बदलली ती वेळ) लागतो. कनेक्टर मागच्या टोकनपेक्षा (गेल्या खेपेला वाचलेल्या शेवटच्या किंमतीपेक्षा) मोठी किंमत असलेल्या ओळीच उचलतो. काही नोंदी भारतीय वेळेत आणि काही यूटीसीत पडत असतील तर दुसऱ्या प्रकारच्या साडेपाच तास मागे राहतात आणि बिनबोभाट सुटतात. व्ह्यूत दोन्ही टेबलांच्या बदलवेळांपैकी मोठी घ्या, नाहीतर शाखेचं नाव बदललेलं कळणारच नाही. त्यासाठी ग्रेटेस्ट फंक्शन वापरताना मायएसक्यूएल आणि ओरॅकलमध्ये एक बाजू नल (रिकामी) असली तर उत्तरही नल येतं.

डिलीट केलेली ओळ लाइव्ह सिंकला दिसत नाही. एचआरकडून स्टेटस कॉलम (माणूस कामावर आहे की गेला) मागून घ्या, शिवाय रात्री रिकन्सिलिएशन (सगळ्या ओळींची पूर्ण पडताळणी) लावा.

नंतर व्ह्यूत कॉलम वाढवला तर रिसोर्सचा (मिडपॉइंटमधल्या या जोडणीचा) स्कीमा रिफ्रेश करा, मिडपॉइंट जुनाच धरून बसतो. त्याच व्ह्यूत परत लिहायचं असेल तर पोस्टग्रेस, ओरॅकल आणि एसक्यूएल सर्व्हरमध्ये इन्स्टेड ऑफ ट्रिगर (व्ह्यूत लिहिताना त्याऐवजी आपला कोड चालवणारा) चालतो. मायएसक्यूएलमध्ये व्ह्यूवर ट्रिगर लावताच येत नाही, तिथे स्क्रिप्टेड एसक्यूएल कनेक्टर घ्या, ज्यात वाचण्या-लिहिण्याच्या स्क्रिप्ट आपण लिहितो.