साथीच्या दिवसांत ज्येष्ठांचं ताट कसं लावावं

पावसाळ्यात फ्लूची साथ आली की घरोघरी काढ्याचं पातेलं चढतं. काढा घ्यावा, घशाला बरं वाटतं. पण सत्तरीतल्या माणसाला विषाणूशी लढायचं बळ रोजच्या जेवणातून मिळतं, आणि नेमकं तेच वयाबरोबर ‘हलकं’ होत जातं: सकाळी चहा-बिस्किट, दुपारी भात आणि पातळ वरण, रात्री पेज.

उतारवयात अंगात मंद दाह, म्हणजे आतली सूज, सतत चालू असते. पोटाची चरबी त्यात भर घालते. छातीतली थायमस ग्रंथी आक्रसल्यामुळे नवे विषाणू ओळखणाऱ्या टी-पेशीही कमी तयार होतात.

१. आधी वजन करा
सहा महिन्यांत वजन आपोआप ५ टक्के घटलं, म्हणजे ६० किलोचे ५७ झाले, तर डॉक्टरांना दाखवा. पोटरीचा घेर ३१ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर स्नायू झिजल्याची शक्यता असते. आजारपणात शरीर प्रथिनं याच स्नायूंतून काढतं.

२. प्रत्येक खाण्यात प्रथिनं हवीतच
सगळ्यात जास्त लक्ष इथे द्या. विषाणूशी लढणारी प्रतिपिंडंही (अँटीबॉडीज) प्रथिनांचीच बनतात. ज्येष्ठांना दर किलो वजनामागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात. ५५ किलोच्या आजीला ५५ ते ६५ ग्रॅम. एका अंड्यात ६ ग्रॅम, पेलाभर दुधात ६-७, ३० ग्रॅम कोरड्या डाळीत साधारण ७ आणि तेवढ्याच शेंगदाण्यांतही ७. पातळ वरणाच्या वाटीत मात्र बहुतेक पाणीच असतं!

म्हणून नाश्त्याला मुगाचं धिरडं आणि दही, दुपारी घट्ट वरण किंवा उसळ, रात्री पिठलं किंवा अंडं. खिचडीत डाळ आणि तांदूळ निम्मे-निम्मे घ्या. दात नसतील तर उसळ मऊ शिजवा, शेंगदाण्यांचं बारीक कूट भाजीत घाला, मासा काटे काढून द्या. सगळी प्रथिनं एकाच जेवणात कोंबण्यापेक्षा तिन्ही वेळा विभागलेली बरी. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारूनच प्रमाण वाढवा.

३. दाह वाढवणारं कमी करा
बिस्किटं, फरसाण, खारी. ज्येष्ठांच्या डब्यात नेमकं हेच भरलेलं असतं, कारण चावायला सोपं. त्याऐवजी पिकलेला पेरू, मऊ पालेभाजी, आवळा ठेवा. मासे खाणाऱ्यांनी आठवड्यातून दोनदा बांगडा किंवा तारली घ्यावी, त्यांत ओमेगा-३ ही दाह कमी करायला मदत करणारी चरबी भरपूर असते. जवसाची चटणीही चांगली, फक्त तिच्यातलं ओमेगा-३ शरीराला फार थोडं वापरता येतं. वॉरफरिन हे रक्त पातळ ठेवणारं औषध घेणाऱ्यांनी पालेभाज्या एकदम वाढवू किंवा कमी करू नयेत. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात ठेवा. ती चढली की पांढऱ्या पेशी मंदावतात.

४. गोळ्या तपासणीनंतरच
ड जीवनसत्त्व आणि बी-१२ रक्तात मोजून घ्या. वर्षानुवर्षं मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी घेतल्यास बी-१२ घटू शकतं. ६०,००० युनिटची ‘ड’ची पुडी स्वतःच्या मनाने महिनोन्‌महिने घेत राहिल्यास रक्तात कॅल्शियम वाढू शकतं. जस्ताच्या जास्त डोसच्या गोळ्या फार दिवस चालू ठेवल्या तर तांबं घटतं. गुळवेलीचा काढा घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये केली आहे.

५. फ्लूची लस दरवर्षी
विषाणू बदलत राहतो, म्हणून लसही बदलते. चांगलं जेवण लसीची जागा घेत नाही.

६. ताप आल्यावर
पोटभर जेवणाचा आग्रह नको. दर दोन-तीन तासांनी तूप घातलेली मऊ खिचडी, डाळीचं सूप किंवा दूध अर्धी वाटी द्या. म्हातारपणी तहान कमी लागते, त्यामुळे पाणी मागायची वाट पाहू नका. ताप चढेलच असंही नाही. अचानक जेवण तुटणं किंवा असंबद्ध बोलणं हीच कधी कधी पहिली खूण असते. तसं दिसलं किंवा धाप लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.