व्हिडिओ दिसत नाही? प्लेयर बसवायला सांगू नका, आधी या चुका टाळा

‘हा व्हिडिओ पाहण्यासाठी अमुक प्लेयर इन्स्टॉल करा’ ही सूचना एके काळी निम्म्या वेबसाइटवर दिसायची. रिअलप्लेयर, क्विकटाइम, मग फ्लॅश, मग सिल्व्हरलाइट. तो काळ संपला. ॲडोबीने ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅशला रामराम ठोकला आणि १२ जानेवारी २०२१ पासून फ्लॅश प्लेयरने स्वतःहूनच काही चालवणं बंद केलं. सिल्व्हरलाइटचा आधार ऑक्टोबर २०२१ मध्ये गेला. त्याच्या कितीतरी आधी, २०१४ मध्ये, एचटीएमएल५ अधिकृत प्रमाण झालं होतं आणि त्यातला व्हिडिओ टॅग आज प्रत्येक चालू ब्राउझरला कळतो.

तरीही ‘व्हिडिओ दिसत नसेल तर क्रोममध्ये उघडा’, ‘डाउनलोड करून व्हीएलसीमध्ये पाहा’ अशा ओळी अजून सापडतात. माझं मत स्पष्ट आहे: ही ओळ म्हणजे साइटवाल्याने आपलं काम पाहणाऱ्याच्या गळ्यात घातलं. बिघाड जवळपास नेहमीच तीनपैकी एका जागी असतो: फाइलमध्ये, सर्व्हरवर किंवा पानाच्या कोडमध्ये. तिन्ही जागा तुमच्या हातात आहेत, पाहणाऱ्याच्या नाहीत.

फाइल पुन्हा बनवण्याआधी तिचा पत्ता तपासा

सगळ्यात जास्त वेळ इथे वाया जातो. फायरफॉक्स सांगतो की चालण्याजोग्या फॉरमॅटचा व्हिडिओ सापडला नाही. हे वाचून माणूस फाइल तीन वेगवेगळ्या पद्धतींनी कन्व्हर्ट करत बसतो. पण फाइल त्या जागी नसेल, सर्व्हरने ४०४ (‘सापडलं नाही’) असं उत्तर दिलं असेल, तरीही हाच संदेश येतो. म्हणून व्हिडिओचा पूर्ण पत्ता नव्या टॅबमध्ये टाकून पाहा. तिथेच चालला नाही, तर पानाच्या कोडला दोष देण्यात अर्थ नाही.

यात एक जुनी खोड आहे. विंडोजवर लहान-मोठ्या लिपीतल्या इंग्रजी अक्षरांचा फरक धरला जात नाही, लिनक्स सर्व्हरवर धरला जातो. कॅमेऱ्याने एक्स्टेन्शन मोठ्या लिपीत लिहिलं आणि कोडमध्ये ते लहान लिपीत असलं, तर आपल्या मशीनवर सगळं सुरळीत आणि साइटवर चढवलं की काळा चौकोन. फाइलचं नाव लहान लिपीत आणि जागा न सोडता ठेवलं की हा प्रश्नच उरत नाही.

नाव एमपी४, आत भलतंच

एमपी४ हा नुसता कंटेनर, म्हणजे डबा आहे. आतलं चित्र एच.२६४, एच.२६५ किंवा एव्ही१ या कोडेकमध्ये (चित्र किंवा आवाज दाबून साठवण्याच्या पद्धतीत) असू शकतं. आवाज एएसीत किंवा आणखी कशात. फाइलचं एक्स्टेन्शन बदलून ‘एमपी४ केलं’ असं म्हणणारे अजूनही भेटतात. डब्यावरची चिठ्ठी बदलली म्हणून आतला माल बदलत नाही.

हल्लीचा मुख्य गुन्हेगार एच.२६५, म्हणजेच एचईव्हीसी. २०१७ च्या आयओएस ११ पासून आयफोन ७ आणि त्यापुढचे फोन मुळात याच कोडेकमध्ये चित्रण करतात. सफारीला तो कळतो. क्रोमने तो २०२२ मध्ये, १०७ व्या आवृत्तीपासून घेतला, पण तोही त्या मशीनच्या हार्डवेअरमध्ये डिकोडर असेल तरच. त्यामुळे तीच फाइल तुमच्या फोनवर छान चालते, सहकाऱ्याच्या नव्या लॅपटॉपवरही चालते आणि तिसऱ्याच्या जुन्या डेस्कटॉपवर फक्त आवाज येतो. ‘आवाज येतो, चित्र नाही’ ही तक्रार आली की आधी एच.२६५ चा संशय घ्या. उलट ‘चित्र येतं, आवाज नाही’ असेल, तर आवाज एसी-३ किंवा कच्च्या पीसीएममध्ये राहिलेला असण्याची शक्यता मोठी.

याहून चकवणारा प्रकार आहे. माहिती पाहिली तर एच.२६४ आणि एएसी असं सगळं जिथल्या तिथे, तरी व्हिडिओ चालत नाही. अशा वेळी बिट डेप्थ (रंगाला किती बिट दिले ते) आणि क्रोमा (रंगाची माहिती किती बारीक ठेवली ते) पाहा. चांगल्या कॅमेऱ्यातून किंवा एडिटिंग सॉफ्टवेअरमधून फाइल कधीकधी १०-बिट किंवा ४:२:२ निघते. एडिटिंगसाठी ते उत्तमच, पण बहुतेक ब्राउझर एच.२६४ मध्ये ८-बिट ४:२:० गृहीत धरूनच बसलेले असतात. हे सगळं मीडियाइन्फो या मोफत सॉफ्टवेअरमध्ये एका नजरेत दिसतं. कमांड लाइनची सवय असेल तर एफएफप्रोब वापरा. अंदाज बांधण्यापेक्षा हे दोन मिनिटांचं काम आधी करावं.

दुरुस्तीसाठी हँडब्रेक हे कन्व्हर्ट करणारं सॉफ्टवेअर पुरेसं आहे: एमपी४ निवडा, चित्रासाठी ८-बिट एच.२६४, आवाजासाठी एएसी, आणि ‘वेब ऑप्टिमाइज्ड’ या चौकटीवर खूण करा. एफएफएमपेग या कमांड लाइनच्या साधनाने करत असाल तर त्यातल्या एक्स२६४ या एच.२६४ एन्कोडरचा सीआरएफ (दर्जा ठरवणारा आकडा) मुळात २३ असतो. आकडा खाली आणला की दर्जा आणि वजन दोन्ही वाढतात. चित्राची रुंदी आणि उंची सम संख्येत ठेवा; ४:२:० मध्ये विषम आकडा दिला की एक्स२६४ काम करायलाच नकार देतो.

एव्ही१, व्हीपी९ हे नवे कोडेक कमी वजनात तोच दर्जा देतात हे खरं. पण आधी एच.२६४ ची एक धड फाइल तयार करा, ती सगळीकडे चालते याची खात्री करा आणि मगच बाकीच्यांच्या मागे लागा. दोन्ही देणार असाल तर क्रम सांभाळा. ब्राउझर व्हिडिओ टॅगमधली सोर्सची, म्हणजे फाइलच्या पर्यायांची, यादी वरून खाली वाचतो आणि जी पहिली फाइल आपल्याला चालेल असं त्याला वाटतं ती उचलतो. एमपी४ सगळ्यात वर ठेवली तर खालची एव्ही१ कुणीच कधी मागणार नाही. प्रत्येक सोर्सला टाइप लिहा, जमलं तर कोडेकच्या नावासकट. नुसता टाइप सांगून ‘हे चालेल का’ असं विचारलं तर ब्राउझर ‘कदाचित’ म्हणतो, कोडेकही सांगितला तर ‘बहुधा’. ठाम ‘हो’ म्हणायची सोय त्या उत्तरांमध्ये ठेवलेलीच नाही. जुन्या कोडमध्ये ऑग थिओराची फाइल राहिली असेल तर ती काढून टाका. क्रोम आणि फायरफॉक्स दोघांनीही थिओरा सोडून दिलं आहे.

चालतो, पण सुरू व्हायला फार वेळ लागतो

एमपी४ फाइलमध्ये कोणती फ्रेम कुठे आहे याची एक सूची असते, तिला मूव्ह ॲटम म्हणतात. सगळी फाइल लिहून झाल्याशिवाय ही सूची पूर्ण होत नाही, म्हणून बरीच सॉफ्टवेअर ती शेवटी ठेवतात. ब्राउझरला मात्र ती आधी लागते. मग तो फाइलच्या शेपटाकडे वेगळी फेरी मारतो, आणि सर्व्हरने मधूनच तुकडा देण्याची सोय ठेवली नसेल तर सगळी फाइल उतरेपर्यंत पाहणाऱ्याला ताटकळत ठेवतो. एफएफएमपेगमधला फास्टस्टार्ट पर्याय ही सूची सुरुवातीला आणून ठेवतो. त्यासाठी पुन्हा एन्कोड करावं लागत नाही, चित्र आणि आवाज जसेच्या तसे कॉपी होतात, दर्जा तसूभरही कमी होत नाही.

दुसरं कारण सरळ आहे: फाइल जड आहे. आयफोनवर १०८०पी, ३० फ्रेमने केलेलं एक मिनिटाचं चित्रण एच.२६५ मध्ये साधारण ६० एमबी आणि एच.२६४ मध्ये साधारण १३० एमबी होतं. हे जसंच्या तसं साइटवर चढवणं म्हणजे पाहणाऱ्याच्या डेटावर डल्ला. साध्या बोलण्याच्या किंवा माहितीच्या व्हिडिओला १०८०पीसाठी सेकंदाला ४ ते ५ मेगाबिट भरपूर होतात, म्हणजे मिनिटाला ३० ते ३८ एमबी. शिवाय एका पानावर पाचसहा व्हिडिओ असतील तर प्रीलोडला (व्हिडिओ आधीच किती उतरवायचा ते सांगणाऱ्या गुणधर्माला) ‘ऑटो’ देऊ नका; ‘मेटाडेटा’ किंवा ‘नन’ ठेवा.

क्रोममध्ये चालतो, सफारीत नाही

अशा वेळी सफारीला नावं ठेवली जातात. बहुतेकदा सफारीचं म्हणणं बरोबर असतं. व्हिडिओ मागताना सफारी आधी फक्त पहिले दोन बाइट मागून पाहतो. सर्व्हरने ‘२०६, हा घ्या तुकडा’ असं उत्तर दिलं तर तो पुढे जातो. सर्व्हरने २०० म्हणून सगळी फाइल पुढ्यात टाकली तर तो व्हिडिओ चालवतच नाही. क्रोम अशा सर्व्हरलाही सांभाळून घेतो, पण तिथेही व्हिडिओ पुढे सरकवायला गेलात की अडतो. ‘पट्टी ओढली की पुन्हा सुरुवातीला जातो’ या तक्रारीचं मूळ इथेच असतं.

अपाचे किंवा एनजिनएक्स साधी फाइल देत असतील तर रेंजची, म्हणजे फाइलचा तुकडा मागणारी, विनंती आपोआप हाताळतात. घोळ होतो तो लॉगिनच्या आडच्या व्हिडिओंमध्ये, जिथे कुणीतरी पीएचपी किंवा नोडमध्ये ‘फाइल वाच आणि ओत’ अशी चार ओळींची स्क्रिप्ट लिहिलेली असते. तिने रेंज हेडर वाचायला हवं, नाहीतर परवानगी तपासून झाल्यावर फाइल देण्याचं काम वेब सर्व्हरकडेच सोपवावं. दुसरा मार्ग मला जास्त शहाणपणाचा वाटतो. रेंजचा हिशोब हाताने लिहिताना एका बाइटची चूक हमखास होते.

डेव्हलपर टूल्समधला नेटवर्क टॅब उघडून व्हिडिओच्या ओळीवर क्लिक करा. स्टेटस २०६ आहे का, कंटेंट-टाइप ‘व्हिडिओ/एमपी४’ आहे का आणि व्हिडिओवर जीझिप (मजकूर दाबण्याची पद्धत) तर लागलेलं नाही ना, हे तीन पाहिलं की सर्व्हरचे बहुतेक दोष उघडे पडतात. पान एचटीटीपीएसवर आणि व्हिडिओचा पत्ता जुन्या एचटीटीपीवर असेल तर तोही बदला.

आपोआप सुरू होत नाही

आवाजासकट ऑटोप्ले हा हट्ट सोडा. एप्रिल २०१८ मध्ये क्रोम ६६ ने त्याला लगाम घातला, सफारीने त्याच्या आदल्या वर्षीच. आवाज बंद असेल, म्हणजे म्यूटेड हा गुणधर्म लिहिलेला असेल, तरच व्हिडिओ स्वतःहून सुरू होण्याची आशा धरा.

इथे डेव्हलपरची फसगत ठरलेली. डेस्कटॉपवरचा क्रोम लक्षात ठेवतो की तुम्ही कोणत्या साइटवर किती व्हिडिओ पाहता, आणि ज्या साइटवर पुष्कळ पाहता तिला आवाजासकट ऑटोप्लेची मोकळीक देतो. तुम्ही तुमच्याच साइटवर दिवसभर तोच व्हिडिओ तपासत असता, म्हणून तुमच्याकडे तो बिनबोभाट वाजतो. नव्या माणसाकडे वाजत नाही. जावास्क्रिप्टमधून प्ले म्हणत असाल तर ते एक प्रॉमिस (‘जमलं’ की ‘नाही जमलं’ हे नंतर सांगणारं उत्तर) परत देतं. ते नाकारलं गेलं तर मोठं प्ले बटण दाखवा. ही ओळ बहुतेक कोडमध्ये नसते.

आयफोनवर आणखी दोन गोष्टी. प्लेज-इनलाइन हा गुणधर्म लिहिला नाही तर व्हिडिओ पानात न चालता पूर्ण पडदा व्यापतो. आणि लो पॉवर मोड चालू असेल तर म्यूट केलेला व्हिडिओही आपोआप सुरू होत नाही, त्यावर तुमचा काही इलाज नाही. म्हणून पोस्टर चित्र नेहमी द्या, नाहीतर तिथे रिकामा चौकोन दिसत राहतो. व्हिडिओ आयफ्रेममध्ये (पानात बसवलेल्या दुसऱ्या पानात) असेल तर ऑटोप्ले आणि फुलस्क्रीनची परवानगी आयफ्रेमच्या अलाउ गुणधर्मात वेगळी द्यावी लागते.

एचएलएस: गरज नसताना घेतलेलं ओझं

एचएलएस म्हणजे व्हिडिओचे छोटे तुकडे आणि त्यांची सूची (एम३यू८ फाइल) देण्याची पद्धत. दोन मिनिटांच्या व्हिडिओसाठी ती कशाला? एमपी४ पुरते. तासाभराचं व्याख्यान किंवा थेट प्रक्षेपण असेल तर मात्र नेटच्या वेगाप्रमाणे दर्जा बदलणारी ही पद्धत कामाची आहे. चूक अशी होते की एम३यू८ चा पत्ता सरळ व्हिडिओ टॅगमध्ये टाकला जातो. सफारीत तो चालतो, म्हणून काम झालं असं वाटतं. इतर ब्राउझर तो चालवतीलच याचा भरवसा धरू नका. त्यांच्यासाठी एचएलएस डॉट जेएस ही लायब्ररी पानात घाला. ती पानासोबतच येते, पाहणाऱ्याला काही बसवावं लागत नाही. ही लायब्ररी ब्राउझरच्या मीडिया सोर्स एक्स्टेन्शन्स या सोयीवर चालते आणि आयओएस १७.१ च्या आधीच्या आयफोनमध्ये अशी सोयच नाही. म्हणून लायब्ररी चालणार नसेल तिथे ब्राउझरच्या अंगच्या एचएलएसकडे वळण्याची सोय कोडमध्ये ठेवा. तुकडे वेगळ्या डोमेनवर असतील तर सीओआरएसचं (दुसऱ्या डोमेनला परवानगी देणारं) हेडर फक्त सूचीला देऊन भागत नाही, प्रत्येक तुकड्याला लागतं.

सबटायटलचं थोडक्यात: एसआरटी फाइलचं नाव बदलून व्हीटीटी केली तर ती चालत नाही. पहिल्या ओळीत इंग्रजी मोठ्या लिपीत ‘वेबव्हीटीटी’ हा शब्द लागतो, वेळेतल्या मिलिसेकंदांआधी स्वल्पविरामाऐवजी टिंब लागतं आणि फाइल यूटीएफ-८ मध्ये हवी.

निरोप चुकीच्या जागी

व्हिडिओ टॅगच्या पोटात ‘तुमचा ब्राउझर व्हिडिओ चालवू शकत नाही, इथून डाउनलोड करा’ असं लिहिण्याची पद्धत आहे. ही ओळ फक्त अशा ब्राउझरमध्ये दिसते ज्याला व्हिडिओ टॅगच माहीत नाही. असा ब्राउझर आज कोण वापरतो? कोडेक कळला नाही, फाइल सापडली नाही, सर्व्हरने दार लावलं, यांपैकी काहीही झालं तरी ती ओळ लपलेलीच राहते आणि पाहणारा काळ्या चौकोनाकडे बघत बसतो. त्यामुळे डाउनलोडची लिंक टॅगच्या बाहेर, व्हिडिओच्या खाली साध्या अक्षरांत द्या. बिघाड झाल्यावरच ती दाखवायची असेल तर एरर इव्हेंटवर लक्ष ठेवा, पण एक मेख आहे: सोर्सची यादी दिलेली असताना तो इव्हेंट व्हिडिओवर येत नाही, ज्या सोर्सने मान टाकली त्याच्यावर येतो. त्यामुळे कान यादीतल्या शेवटच्या सोर्सला लावायचा. तिथून एरर आला की सगळे पर्याय संपले असं समजा आणि लिंक पुढे करा.