टेबल जोडण्याआधी गेस्टला कार्डाचं नाव विचारा

मागच्या वेळी चार अक्षरांच्या एका नावापायी दोन रात्री गेल्या. पुन्हा कधी लॅपटॉपचं ग्राफिक्स कार्ड क्यूईएमयू या एम्युलेटरच्या व्हर्च्युअल मशीनला (म्हणजे गेस्टला; खरा लॅपटॉप तो होस्ट) द्यायचं झालं, तर निदान तीच चूक परत नको, म्हणून ही तयारी लिहून ठेवतोय.

सुरुवातीचं सगळ्यांना माहीत असतं. बायोसमध्ये आयओएमएमयू (उपकरणांना मेमरीची हद्द आखून देणारी सोय) चालू, कार्डाच्या आयओएमएमयू गटात दुसरं भलतं उपकरण नाही, बूट होतानाच कार्ड व्हीएफआयओ-पीसीआय या, उपकरण गेस्टसाठी राखून ठेवणाऱ्या लिनक्स ड्रायव्हरच्या ताब्यात. हे झालं नसेल तर पुढे वाचण्यात अर्थ नाही. मशीनच्या एक्सएमएलची (व्हर्च्युअल मशीन सांभाळणारं लिबव्हर्ट सेटिंग ठेवतं ती फाइल) एक प्रत बाजूला ठेवा. पडदा काळा पडला तरी गेस्टमध्ये शिरता येईल अशी दुसरी वाट आधी उघडून ठेवा, नंतर सुचून उपयोग नसतो.

आता टेबल, म्हणजे एसीपीआय टेबल: फर्मवेअर ऑपरेटिंग सिस्टिमला हार्डवेअरची माहिती देतं तो तक्ता. लॅपटॉपच्या बऱ्याच कार्डांना स्वतःची रॉम चिप नसते. व्हिडिओ बायोस मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्येच असतो आणि ड्रायव्हर तो एसीपीआयच्या ‘_रॉम’ या मेथडकडून तुकड्यातुकड्याने मागतो, एका हाकेला जास्तीत जास्त ४०९६ बाइट. गेस्टच्या एसीपीआयमध्ये अशी मेथड नसते, म्हणून ती घातलेलं एसएसडीटी, म्हणजे जोड म्हणून लावायचं टेबल आपण लिहायचं, आयएएसएल या कंपायलरने कंपाइल करायचं आणि क्यूईएमयूला ‘एसीपीआयटेबल’ पर्यायातून द्यायचं. द्यायची ती ‘फाइल’ म्हणून. ‘डेटा’ म्हटलं तर क्यूईएमयू हेडर स्वतः लावायला जातो आणि तुमच्या फाइलमध्ये ते आधीच असतं.

मी अडकलो तो यापुढे. मेथड कोणाच्या नावाखाली लिहायची? मी होस्टचं डीएसडीटी, म्हणजे एसीपीआयचं मुख्य टेबल, उलगडलं, त्यात कार्डाचं नाव दिसलं ‘पीसीआय०.पीईजी०.पीईजीपी’, तेच उचलून टेबलात टाकलं. कंपायलरने शून्य चुका दाखवल्या. दाखवणारच, कारण वर ‘एक्स्टर्नल’ लिहून मीच त्याला सांगितलं होतं की हे उपकरण दुसरीकडे आहे, तू काळजी करू नको. गेस्टमध्ये मात्र पीईजी० नावाचं कोणी नव्हतंच. टेबल लोड होताना ते नाव सापडलं नाही, मेथड कुठेच लागली नाही, आणि विंडोजने फक्त कोड ४३ (उपकरणात बिघाड आहे म्हणून थांबवलं) दाखवून हात वर केले. मी आपला रॉमच्या फाइली बदलत बसलो.

तेव्हा पहिलं आणि शेवटचं सांगणं: नाव होस्टवरून उचलू नका. पीईजी०, जीपीपी० ही नावं लॅपटॉप बनवणाऱ्याने त्याच्या फर्मवेअरमध्ये ठेवलेली असतात, गेस्टला ती ठाऊक नसतात. क्यूईएमयू स्वतःचं डीएसडीटी स्वतः रचतो आणि नावं पीसीआय पत्त्यावरून, म्हणजे स्लॉट आणि फंक्शनच्या आकड्यांवरून, पाडतो. स्लॉटला आठने गुणा, त्यात फंक्शन मिळवा, उत्तर हेक्समध्ये लिहा, पुढे ‘एस’ लावा. स्लॉट १ म्हणजे एस०८. स्लॉट २ म्हणजे एस१०. त्याच स्लॉटवरचं फंक्शन १ म्हणजे एस११. स्लॉट हेक्स १सी असेल तर एसई०. क्यू३५ या मशीन टाइपवर कार्ड रूट पोर्ट नावाच्या जोडणीमागे बसतं, तिथे त्याचा स्लॉट ०, म्हणून पूर्ण नाव ‘पीसीआय०.एस१०.एस००’ अशा घाटाचं होतं. नाव चार अक्षरांचंच असतं, कमी पडलं तर शेवटी अंडरस्कोरची भर पडते, त्याने बावचळू नका. आणि यातली शून्यं ही शून्यंच आहेत, ‘ओ’ नव्हेत.

गणित जमलं तरी विश्वास ठेवू नका. गेस्टला विचारा. लिनक्सचं लाइव्ह आयएसओ गेस्टमध्ये चालवा आणि सिसएफएसमध्ये (लिनक्सच्या /sys फोल्डरमध्ये) कार्डाच्या ‘फर्मवेअर_नोड’खालची ‘पाथ’ फाइल वाचा. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजरच्या ‘डीटेल्स’मध्ये ‘बायोस डिव्हाइस नेम’ दिसतं. तिथे जे असेल ते, जसंच्या तसं. ‘फर्मवेअर_नोड’च नसेल तर त्या पत्त्याला एसीपीआयमध्ये नाव मिळालेलंच नाही. मग ‘स्कोप’ (आधीच असलेल्या नावाखाली लिहिणं) चालत नाही, पोर्टाच्या नावाखाली ‘डिव्हाइस’ घोषित करून ‘_एडीआर’, म्हणजे पत्ता, शून्य द्यावा लागतो. उलट नाव असताना तेच पुन्हा ‘डिव्हाइस’ म्हणून घोषित केलंत तर ‘आधीच आहे’ म्हणून एरर येतो. दोन्ही मी करून पाहिलंय, एकाच रात्री.

आणि एकदा विचारून झालं म्हणून कायमचं झालं असं नाही! एक्सएमएलमध्ये कार्डाचा किंवा त्याच्या पोर्टाचा पत्ता हलवलात, पत्त्याची ओळ खोडून लिबव्हर्टला नवा ठरवू दिलात, की नाव बदलतं. मशीन टाइपची आवृत्ती चढवली तरी डीएसडीटी बदलू शकतं. क्यू३५ मध्ये क्यूईएमयू ६.१ पासून हॉटप्लग (चालू मशीनला उपकरण जोडणं-काढणं) एसीपीआयकडे गेलं तेव्हा पोर्टांमागच्या नोंदी बदलल्याच. प्रत्येक वेळी गेस्टला पुन्हा विचारा. पत्ता एक्सएमएलमध्ये हाताने पक्का लिहिलेला बरा.

बाकीचं भरभर. एक्सएमएलच्या सुरुवातीच्या ‘डोमेन’ टॅगमध्ये क्यूईएमयूची नेमस्पेस (xmlns ची ओळ) नसेल तर लिबव्हर्ट ‘एसीपीआयटेबल’ ज्यात लिहितो तो कमांडलाइनचा भाग मुकाट्याने गिळतं, सेव्ह केल्यावर उघडून बघा. टेबलाची फाइल होम फोल्डरमध्ये नको, क्यूईएमयूला ती वाचता येत नाही किंवा ॲपआर्मर, एसईलिनक्स हे लिनक्सचे सुरक्षेचे पहारेकरी आडवे येतात. काही ड्रायव्हरांना बॅटरीही हवी असते, तिचं वेगळं छोटं टेबल.

चालू केल्यावर आधी विंडोज नको, ते काही बोलत नाही. लाइव्ह लिनक्सच्या डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदींत) ‘एई_नॉट_फाउंड’ शोधा. सापडलं तर रॉमच्या फाइलला हात लावू नका. नाव चुकलंय.