घरच्या लिनक्ससाठी हार्ड डिस्कची वाटणी

लिनक्स मिंट (लिनक्सची एक घरगुती वापराची प्रणाली) टाकताना ‘अख्खी डिस्क पुसून टाका’ हा पर्याय निवडला की इन्स्टॉलर प्रणाली आणि तुमच्या फायली एकाच मोठ्या पार्टिशनमध्ये (डिस्कच्या भागात) ठेवतो. चालतं तसंही. अडचण येते ती पुढे कधीतरी नवी आवृत्ती कोरी टाकायची झाली की. तेव्हा आधी सगळे फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे हलवत बसावं लागतं. म्हणून प्रणाली आणि फायली वेगळ्या ठेवणारी वाटणी आधी कागदावर करा. आपण ५१२ जीबीची एसएसडी आणि ८ जीबी रॅम असलेला पीसी धरू. जीपार्टेड या पार्टिशनं पाडायच्या प्रोग्राममध्ये ही डिस्क सुमारे ४७६ दिसेल. घाबरू नका, कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि जीपार्टेड १०२४ च्या.

डिस्कला हात लावण्याआधी बॅकअप घ्या, तोही दुसऱ्या डिस्कवर. मग पार्टिशन टेबल (डिस्कवरच्या पार्टिशनांची यादी) जीपीटी या नव्या पद्धतीचं निवडा. जुन्या एमबीआर पद्धतीत चारच प्रायमरी पार्टिशन आणि २ टीबीची मर्यादा असते. यूईएफआयवर (पीसी सुरू करणाऱ्या नव्या फर्मवेअरवर) चालणाऱ्या पीसीला सुरुवातीला फॅट३२ फाइल सिस्टिमचं एक छोटं ईएफआय पार्टिशन बूट होण्यासाठी लागतं, ५१२ एमबी ते १ जीबीचं. विंडोजही ठेवायचं असेल तर त्याचं ईएफआय पार्टिशन आधीच असतं. तेच वापरा, फॉरमॅट करू नका. जागा मोकळी करायची तीही विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून.

खरा विचार रूटचा, म्हणजे प्रणालीच्या पार्टिशनचा करायचा. ‘२५ जीबी पुरे’ हा सल्ला अजून ऐकू येतो, पण तेवढ्यात प्रणाली फक्त बसते, नांदत नाही. फ्लॅटपॅक पद्धतीने टाकलेले प्रोग्राम रूटमध्येच साठतात, जुने कर्नल (प्रणालीचा गाभा) तिथेच राहतात, आणि प्रणालीच्या प्रती घेणाऱ्या टाइमशिफ्टला वेगळी जागा दिली नाही तर त्याचे स्नॅपशॉटही तिथेच जातात. शिवाय रूट नंतर वाढवणं जिकिरीचं असतं. त्याला लागून होम (तुमच्या फायलींचं पार्टिशन) असेल तर लाइव्ह यूएसबीवरून (पेनड्राइव्हवरच्या लिनक्सवरून) बूट करून आधी होम आक्रसावं लागतं, मग अख्खं पुढे सरकवावं लागतं. त्याला तास लागतात, आणि मध्येच वीज गेली तर डेटा गेलाच समजा. म्हणून रूटला ८० जीबी द्या, फाइल सिस्टिम ईएक्सटी४.

स्वॅपवर, म्हणजे रॅम कमी पडली तर वापरायच्या डिस्कवरच्या जागेवर डोकं फार शिणवू नका. हायबरनेट (रॅममधलं सगळं डिस्कवर ठेवून पीसी बंद करणं) वापरणार असाल तर रॅमपेक्षा थोडं जास्त, म्हणजे १० जीबीचं पार्टिशन करा. नाहीतर स्वॅप फाइल पुरते. ती हवी तेव्हा लहानमोठी करता येते.

उरलेलं सगळं होमला. हौसेने व्हार, टेंप, ऑप्ट या प्रणालीच्या फोल्डरांसाठी वेगळी पार्टिशनं पाडू नका. सर्व्हरवर त्याला अर्थ आहे, घरी मात्र एक भरतं आणि दुसऱ्यात जागा नुसती पडून राहते.

मिंटच्या इन्स्टॉलरमध्ये ‘समथिंग एल्स’ (स्वतः वाटणी करायचा पर्याय) निवडून प्रत्येक पार्टिशनला त्याचा माउंट पॉइंट, म्हणजे ते कोणत्या फोल्डरच्या जागी जोडायचं ते द्या. पुढे कधी कोरं इन्स्टॉल कराल तेव्हा होमला तोच माउंट पॉइंट द्या, जुनंच युजरनेम ठेवा, आणि होमच्या समोरच्या फॉरमॅटच्या चौकटीत टिक नाही ना, हे दोनदा बघा.

फोटो-सिनेमांसाठी वेगळी मोठी हार्ड डिस्क असेल तर आणखी एक गोष्ट. ईएक्सटी४ दर पार्टिशनची ५ टक्के जागा रूट युजरसाठी (प्रणालीच्या सर्वाधिकारी खात्यासाठी) राखून ठेवते, म्हणजे १ टीबीत जवळपास ५० जीबी. नुसत्या डेटाच्या डिस्कवर ती ट्यून-टू-एफएस कमांडने १ टक्क्यावर आणा. रूट पार्टिशनवर मात्र ती राखीवच राहू द्या.