‘औदुंबर’वर लिहिताना : विश्लेषणात्मक निबंधातल्या नेहमीच्या चुका

बालकवींच्या ‘औदुंबर’ या कवितेत अवघ्या आठ ओळी आहेत, आणि म्हणूनच कवितेचे विश्लेषण करणारा निबंध नेमका कुठे घसरतो हे पाहण्यासाठी ती फार सोयीची आहे. आठ ओळींवर चार पाने भरायची म्हटली की लेखणी कवितेबाहेर धावू लागते : कधी कवीच्या चरित्राकडे, कधी अलंकारांच्या यादीकडे, तर कधी नुसत्या स्तुतीकडे. पदवीच्या पहिल्या वर्षाला मराठी घेतलेल्या विद्यार्थ्यांच्या लेखनात हे हमखास दिसते, कारण शाळेत रसग्रहण हे आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्ये अशा ठरलेल्या कप्प्यांत लिहायची सवय झालेली असते. ते कप्पे परीक्षेपुरते ठीक आहेत. निबंधाला मात्र एक म्हणणे लागते, आणि त्या म्हणण्याला कवितेतल्या शब्दांचा पुरावा लागतो.

पहिली चूक म्हणजे म्हणणेच नसणे. ‘बालकवींनी या कवितेत निसर्गाचे मनोहारी चित्रण केले आहे’ हे वाक्य कुणीही नाकारणार नाही, म्हणून त्यावर निबंध उभा राहू शकत नाही. ज्याच्याशी दुसरा जाणता वाचक असहमत होऊ शकेल, असे विधान शोधावे लागते. त्यासाठी कविता पाच-सहा वेळा वाचून काय पुन्हा पुन्हा येते आणि काय अचानक थांबते याची टिपणे काढावीत. ‘औदुंबर’मधले केवळ रंग एका कागदावर उतरवून पाहा. पहिल्या सहा ओळींत हिरवा तीनदा येतो : काठांवरची हिरवाळी, शेतमळ्यांची हिरवी गरदी, आणि हिरवे कुरण. मध्ये निळासावळा झरा आणि पांढरी पायवाट आहे. सहाव्या ओळीत हिरवे कुरण आणि काळा डोह शेजारी शेजारी येतात, आणि शेवटच्या दोन ओळींत हिरवा रंग उरतच नाही. तिथे लाटांवर पसरलेला काळिमा तेवढा आहे. ज्या झाडाच्या नावाने कविता ओळखली जाते, त्या झाडालाही कवीने हिरवेपणा दिलेला नाही. एवढी टिपणे हाती आली की ‘ही कविता निसर्गाच्या प्रसन्नतेची नसून त्या प्रसन्नतेतून बाहेर नेणाऱ्या वाटेची आहे’ असे काहीतरी म्हणता येते. हे मत काहींना पटणार नाही, पण त्यावर वाद घालता येईल, आणि निबंधाला तेच हवे असते.

दुसरी चूक कवितेचा अर्थ गद्यात सांगत बसण्याची. ‘झऱ्याच्या दोन्ही काठांवर हिरवळ आहे, पलीकडे टेकडीजवळ चार घरांचे चिमुकले गाव आहे’ असे लिहिल्याने पान भरते, विश्लेषण होत नाही. वाचकाने कविता वाचलेली आहे असे गृहीत धरावे आणि सारांश तुमच्या मुद्द्याला लागेल तेवढाच द्यावा. ओळींचा क्रम हाच परिच्छेदांचा क्रम ठेवला की सारांशाकडे घसरण जवळजवळ अटळ असते. म्हणून परिच्छेदांची मांडणी मुद्द्यांनुसार करावी, आणि एखादा परिच्छेद सरळ शेवटच्या ओळीपासून सुरू करायलाही कचरू नये.

अलंकारांची गोष्ट थोडी वेगळी आहे, कारण तिथे विद्यार्थ्याने खरोखर काहीतरी पाहिलेले असते. ‘पाय टाकुनी जळात बसला असला औदुंबर’ या ओळीत चेतनगुणोक्ती (माणूस नसलेल्या गोष्टीला माणसासारखे वागताना दाखवणारा अलंकार) आहे हे बहुतेक जण अचूक ओळखतात आणि तिथेच थांबतात. अलंकाराचे नाव हे निरीक्षण झाले. त्याने कवितेत कोणते काम केले हे सांगितले की विश्लेषण सुरू होते. या कवितेत घरे आहेत, पिकवलेली शेते आहेत, माणसांच्या पायांनी पडलेली वाट आहे, पण माणूस एकही नाही. माणसाची बैठक संपूर्ण कवितेत एकट्या झाडाला मिळाली आहे. झरा वाहतो, पायवाट डोहाकडे चालते, आणि औदुंबर बसलेला असतो. हे तीन तपशील एकत्र ठेवले की चेतनगुणोक्ती शोभेपुरती राहत नाही : ती गावापासून दूर, डोहाकाठी, एकाकी अशी एक व्यक्ती कवितेत आणते. ‘अलंकार – परिणाम – मुद्दा’ हा प्रवास प्रत्येक वेळी पूर्ण करावा, आणि जो अलंकार मुद्द्यापर्यंत पोहोचत नाही तो निर्दयपणे गाळावा.

चरित्राचा मोह सर्वांत मोठा. त्र्यंबक बापूजी ठोमरे यांना १९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात ‘बालकवी’ ही उपाधी मिळाली आणि ५ मे १९१८ रोजी भादलीजवळ रेल्वेखाली त्यांचा अपघाती मृत्यू झाला, ही माहिती खरी आहे. पण ‘काळा डोह म्हणजे कवीला लागलेली मृत्यूची चाहूल’ असे लिहिणारा विद्यार्थी पुढे घडलेली घटना आधीच्या कवितेत मागे ढकलत असतो. डोह मृत्यूचा आहे असे म्हणायचे असेल तर तसे कवितेतून दाखवावे, आणि तिथे एक अडचण लगेच उभी राहते : हा काळिमा ‘गोड’ आहे. बहुतेक निबंधांत हा शब्द चक्क वगळलेला असतो, कारण तो गैरसोयीचा आहे. आपल्या मताला अडणारा शब्द टाळला की जाणत्या वाचकाचा विश्वास उडतो. उलट त्याला समोर घेतले तर मतालाच धार येते. डोहाच्या अंधाराचे भय नसून ओढ आहे, म्हणून औदुंबर काठावर उभा न राहता पाण्यात पाय सोडून बसला आहे, असे त्या एका विशेषणाच्या आधारे मांडता येते. औदुंबर आणि दत्तसंप्रदाय यांचा संबंध जोडणाऱ्यांनाही हीच अट लागू आहे. वृक्षाचे पावित्र्य मराठी वाचकाच्या मनात असतेच, पण या आठ ओळींत त्याला आधार कोणता हे दाखवायला हवे. कुणा समीक्षकाला झाडात विरक्त योगी दिसला असेल, तर ते मत उतरवून मान डोलावणे पुरेसे नाही. कोणत्या शब्दांमुळे ते पटते किंवा पटत नाही हे लिहावे.

अवतरणांबाबत थोडक्यात. समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या प्रतीवरून ओळी उतरवू नयेत. त्यांत शब्द सर्रास बदललेले असतात. जुन्या छापील प्रतींत ‘गांव’, ‘चिमुकलें’, ‘जळांत’ असे अनुस्वार दिसतात, तर १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनंतरच्या अनेक पुस्तकांत ते काढलेले आहेत. कोणतीही एक प्रत धरावी, तिचा उल्लेख करावा आणि शेवटपर्यंत तीच पाळावी. शक्यतो दोन-चार शब्दच आपल्या वाक्यात गुंफावेत, कारण आठांपैकी चार ओळी उद्धृत केल्यावर लिहायला उरते काय? तसेच एका पानावर ‘कवी म्हणतो’ आणि पुढच्या पानावर ‘कवी म्हणतात’ असे होऊ देऊ नये. बरे, या कवितेत ‘मी’ कुठेच नाही, त्यामुळे ‘कवी आपले दुःख सांगतात’ असे लिहिण्याआधी ते दुःख कोणत्या ओळीत आहे हे स्वतःलाच विचारलेले बरे.

समारोपात ‘या कवितेतून आपल्याला निसर्गरक्षणाचा संदेश मिळतो’ हे वाक्य आले की आधीची मेहनत वाया गेली असे समजावे. कविता संदेश देत नसेल तर तो तिच्या माथी मारू नये.

पहिला खर्डा झाल्यावर तो एक दिवस बाजूला ठेवावा. मग प्रत्येक परिच्छेदातून ‘औदुंबर’ हे नाव झाकून तिथे बालकवींच्याच ‘फुलराणी’ या कवितेचे नाव वाचून पाहावे. जो परिच्छेद या बदलानंतरही बिनतक्रार चालतो, तो दोन्हींपैकी कोणत्याच कवितेविषयी काही सांगत नसतो. तो काढून टाकावा आणि मोकळ्या झालेल्या जागेत एखादी ओळ अधिक बारकाईने वाचावी.