12 हजारांत कूलर-सर्व्हिस : निवृत्तीनंतरचा माझा छोटा धंदा

"कूलरला हात लावला की थोड्या झिणझिण्या येतात जी, पण हवा मस्त फेकून राहिला."

शेजारच्या काकू हे बोलल्या तेव्हा मला निवृत्त होऊन चार महिने झाले होते. वीजपुरवठ्याच्या कामात मी 33 वर्षं काढली, 58 व्या वर्षी घरी बसलो. चहा तसाच ठेवून उठलो आणि आधी त्यांच्या कूलरचा प्लग ओढून काढला. दोन पिनांच्या बोर्डात बसावा म्हणून कुणीतरी अर्थिंगची जाड पिनच कापून टाकली होती. लोखंडी पत्र्याचा कूलर, खाली ओली फरशी आणि रोज अनवाणी पाणी भरणाऱ्या काकू. नोकरीत अशा घरांमध्ये मी अपघात झाल्यावर गेलो आहे. इथे आधी पोचलो.

त्या आठवड्यात गल्लीतले नऊ कूलर तपासले. पाचांच्या बॉडीत करंट उतरत होता. पैसे घेतले नाहीत, पण लोक जबरदस्तीने हातात शंभराची नोट ठेवायला लागले आणि पुढच्या गल्लीतून फोन सुरू झाले. हिने वही काढली आणि म्हणाली, "अहो, हे नीट करा ना. नाव लिहा, तारीख लिहा, भाव ठरवा." धंदा असा सुरू झाला. आता चौथा उन्हाळा संपत आला आहे. माझ्यासारख्या कुणाला काही सुरू करायचं असेल तर त्याच्या कामी यावं म्हणून सगळं आकड्यांसकट लिहितो.

आधी पंधरा दिवस फक्त ऐका

निवृत्त माणसाला लोक दोनच सल्ले देतात. एक, फ्रँचायझी घ्या. दोन, दुकान भाड्याने घ्या. दोन्हींत पीएफ-ग्रॅच्युइटीचा पैसा आधी जातो आणि गिऱ्हाईक मागून येतं, आलं तर. माझं म्हणणं उलटं आहे. आधी गिऱ्हाईक बघा. पंधरा दिवस बागेतल्या कट्ट्यावर, किराणा दुकानात, सोसायटीच्या गेटवर लोक कशाबद्दल कुरकुरतात ते वहीत लिहा. त्यातलं जे तुम्ही नोकरीत रोज करत होता त्याच्यावर गोल करा.

तुम्ही वीजवाले असलंच पाहिजे असं नाही. आमच्या ओळीतले एक बँकेतून निवृत्त झालेले भाऊ नोव्हेंबरात पेन्शनरांचे हयातीचे दाखले मोबाइलवरून, चेहरा दाखवून काढून देतात. ज्यांना बँकेपर्यंत चालवत नाही त्यांच्या घरी जातात. भांडवल म्हणून त्यांच्याकडे फोन आहे आणि म्हाताऱ्या माणसाशी सावकाश बोलायची सवय आहे. ती सवय विकत मिळत नाही.

मला कूलर सुचला कारण आपलं गाव नागपूर आहे. होळीच्या आसपास अर्धं शहर कूलर बाहेर काढतं आणि मेअखेरचा नवतपा (सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस) संपून पाऊस पडेपर्यंत त्याच्याशिवाय झोप नाही. एसी वाढले हे खरं, पण हॉलमध्ये एसी असलेल्या घरातही मागच्या खोलीच्या खिडकीला कूलर असतोच. शिवाय हे कूलर बहुतेक इथेच पत्रा वाकवून बनवलेले. त्यांना कंपनीचा सर्व्हिसवाला नाही, दुकानदार विकून मोकळा होतो आणि मार्च-एप्रिलमध्ये मेकॅनिक मिळत नाही.

पैसा किती घातला

निवृत्तीच्या पैशाला हात लावायचा नाही हे आम्ही दोघांनी आधीच ठरवलं. मोठा भाग ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत आहे. तिथे माणशी 30 लाखांपर्यंत ठेवता येतात आणि व्याज दर तिमाहीला येतं. (55 ते 60 मधल्या निवृत्तांनाही काही अटींवर हे खातं उघडता येतं, पोस्टात विचारा.) धंद्यात घालायचं ते एका महिन्याच्या पेन्शनपेक्षा कमी, एवढीच मर्यादा.

पक्कड, पाने, पेचकस घरी होतेच. बाकी असं : छोटा मेगर (करंट बॉडीत उतरतो का ते मोजायचं यंत्र) 2,800, मल्टीमीटर 650, चार फुटी घडीची शिडी 1,900, वूडवूलच्या ताट्यांचे (कूलरच्या बाजूंना लावायच्या लाकडी तंतूंच्या जाळ्या) दहा सेट 2,600, सहा पंप 1,680, फ्लोट, कपॅसिटर, थ्री-पिन प्लग आणि केबल मिळून 1,500, स्टिकर 900. एकूण 12,030 रुपये. ताट्या आणि पंप इतवारीतून घाऊक आणले. गोकुळपेठेत घ्यायला जवळ पडतात, पण भावात फरक पडतो.

यात मी एकदा फसलो. दुसऱ्या वर्षी उत्साहात हनीकोंब पॅड (मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या जाळीचे) एकाच मापाचे 40 आणले. ते वूडवूलपेक्षा महाग, पण दोन-तीन उन्हाळे टिकतात म्हणून लोक मागतात. पण आपल्याकडच्या पत्र्याच्या कूलरला ठरलेलं माप नसतं. 40 मधले 26 अजून जिन्याखाली आहेत. आता आधी माप घेतो, निम्मे पैसे घेतो, मग पॅड आणतो.

काम नेमकं काय करायचं

एका कूलरला सव्वा ते दीड तास लागतो. टाकी घासायची, गंज असेल तर खरवडून सुकवून रंग द्यायचा, ताट्या बदलायच्या, पंपात बसलेला क्षार काढायचा, पाण्याच्या नळीची भोकं तारेनं मोकळी करायची. पंखा आवाज करत असेल तर बुश, हळू फिरत असेल तर बहुतेक वेळा कपॅसिटर. हे कुणीही मेकॅनिक करतो.

माझं वेगळं काम यानंतर सुरू होतं आणि लोक मला त्यासाठी बोलावतात. प्लग काढून, मोटर आणि पंप वेगवेगळे सोडवून दोन्ही मेगरने बॉडीशी तपासतो. एक मेगाओहमच्या खाली आलं तर तो भाग बदलल्याशिवाय कूलर चालू करून देत नाही. दहापैकी सात वेळा गुन्हेगार पंप असतो, त्याचं सील गेलेलं असतं. मग कूलर ज्या बोर्डाला लागतो त्याचं अर्थिंग. फेज आणि अर्थमध्ये सिरीज बल्ब (तपासणीचा बल्ब) पूर्ण पेटला पाहिजे. मंद पेटला तर अर्थिंग नावापुरतं आहे. मल्टीमीटर इथे फसवतो, कमजोर अर्थिंगलाही पूर्ण व्होल्टेज दाखवतो. बोर्डावर 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज आपोआप तोडणारा स्विच) असेल तर बल्ब लावताच तो पडतो, आणि तो पडलेला बघून मला बरं वाटतं. नसेल तर बसवून घ्या असं प्रत्येक घरी सांगतो. तो बसवायचं काम मात्र परवाना असलेल्या वायरमनचंच. ज्यांनी हे काम नोकरीत केलेलं नाही त्यांनी हा परिच्छेद वाचून बल्ब-वायर घेऊन बोर्डाजवळ जाऊ नये, ही हात जोडून विनंती.

भाव

अगदी सुरुवातीला लाजत होतो. "द्या काही पण" म्हणायचो. असं म्हटलं की समोरचा माणूस अवघडतो आणि तुम्हीही. आता फोनवरच सांगतो : पूर्ण सर्व्हिस 400, नुसती तपासणी 150, सामान बिलाप्रमाणे आणि बिल दाखवून. "काऊन जी, चौकातला पोरगा तर 250 मध्ये करते," असं कुणी म्हटलं की वाद घालत नाही. मेगरवर आलेला आकडा कागदावर लिहून देतो असं सांगतो. त्यातले अर्धे हो म्हणतात. उधारी नाही, ज्यांना खरंच जमत नाही त्यांच्याकडून पैसेच घेत नाही, पण वहीत "येणे" असं लिहीत नाही. येणे लिहिलं की शेजार तुटतो.

पहिल्या उन्हाळ्याचा हिशेब असा. 74 सर्व्हिसचे 29,600, तपासणीच्या 52 फेऱ्यांचे 7,800, म्हणजे 37,400. मदतीला श्रद्धानंदपेठेतल्या आयटीआयचा एक मुलगा होता, त्याला कूलरमागे 100 म्हणजे 7,400. पेट्रोल 2,600. उरले 27,400. सुरुवातीचे 12,030 वजा केले तर 15,370. सामानाचे पैसे गिऱ्हाइकाकडून आले ते पुन्हा सामानातच गेले. एवढ्यावर घर चालत नाही, पेन्शन असलेल्या घराला मात्र हा मोठा आधार आहे.

लोकांपर्यंत पोचायचं कसं

900 रुपयांचे स्टिकर ही माझी सगळ्यात चांगली जाहिरात. प्रत्येक कूलरवर, पाणी भरायच्या तोंडाशी, एक स्टिकर लावतो. वर मोठ्या अक्षरांत "पाणी भरण्याआधी प्लग काढा", खाली सर्व्हिसची तारीख, त्याखाली माझा नंबर. रोज पाणी भरणाऱ्याच्या डोळ्यासमोर तो चार महिने राहतो. पाहुणी आलेली बहीण वाचते, कामवाली बाई वाचते. निम्मे फोन स्टिकरवरून येतात. वर्तमानपत्रात घालून 2,000 पत्रकंही वाटून पाहिली होती, त्यावर मोजून तीन फोन आले.

दुसरी युक्ती हिची. संक्रांत ते रथसप्तमी हळदीकुंकू चालतं. वाण म्हणून हिने तिळगुळाच्या पुडीबरोबर एक कार्ड दिलं, "फेब्रुवारीत नाव नोंदवा, मार्चच्या गर्दीत थांबायला नको". घरातला कूलर कधी काढायचा हे बायकाच ठरवतात. मी 33 वर्षं पुरुषांशीच बोलत राहिलो. त्या वर्षी 20 फेब्रुवारीच्या आत 31 नावं वहीत आली.

फोनवर व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस घ्या, फुकट आहे. कॅटलॉगमध्ये तीनच गोष्टी टाकल्या : सर्व्हिस, तपासणी, ताट्या, भावासकट. लेबल लावता येतात. "नवीन", "ताट्या आणायच्या", "झालं". ब्रॉडकास्ट (सगळ्यांना एकदम पाठवलेला मेसेज) ज्यांनी आपला नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच पोचतो, म्हणून काम संपल्यावर समोर उभं राहून "कूलरवाले काका म्हणून सेव्ह करा" असं सांगतो. गूगलवर बिझनेस प्रोफाइल सुनेनं काढून दिली. घराचा पत्ता लपवून फक्त सेवेचा भाग दाखवता येतो, तो त्रिमूर्तीनगर, प्रतापनगर, खामला, जयताळा एवढाच ठेवला. मनीषनगरहून फोन आला तर नम्रपणे नाही म्हणतो. एप्रिलच्या उन्हात स्कूटरवर ती चक्कर परवडत नाही, पैशानेही आणि तब्येतीनेही.

सोसायटीच्या सेक्रेटरीला भेटा. रविवारी सकाळी खाली पार्किंगमध्ये एक कूलर उघडून दाखवतो, करंट कसा उतरतो ते सांगतो. विकायचं काही बोलत नाही. प्रश्न विचारणारे आपणहून फ्लॅट नंबर लिहून देतात.

पैसे घेताना एक लक्षात ठेवा, विशेषतः आपल्या वयाच्या लोकांनी : पैसे यायला यूपीआय पिन लागत नाही. "मी पाठवतो, तुम्ही पिन टाका" असं कुणी म्हणालं की फोन ठेवायचा.

कागदपत्रं

थोडीच लागतात. उद्यम नोंदणी (छोट्या धंद्याची सरकारी नोंद) आधार आणि पॅनवर ऑनलाइन होते आणि पूर्ण मोफत असते. सरकारीसारखी दिसणारी, पैसे मागणारी संकेतस्थळं टाळा. आपल्यासारखी एक-दोनच माणसं कामाला असतील तर शॉप अ‍ॅक्टखाली (दुकाने-आस्थापना कायदा) नुसती सूचना द्यायची असते. सेवेच्या धंद्याला वर्षाला 20 लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. आपण त्याच्या जवळपासही जात नाही.

ऊन

पहिल्या एप्रिलमध्ये दिवसाला पाच कूलर घेत होतो. एका गच्चीवर दुपारी दीडला डोळ्यांपुढे अंधार आला, आयटीआयच्या मुलानं धरून खाली आणलं. दोन दिवस सलाइनवर होतो आणि हिचा चेहरा बघवत नव्हता. तेव्हापासून सकाळी साडेसहा ते साडेदहा, संध्याकाळी साडेपाच ते साडेसात, दिवसाला तीनच. शिडीवर मुलगा चढतो, मी खाली मेगर धरतो. रुमाल, कांदा, ताक, मिठाचं पाणी सगळं सोबत असतं, पण खरा उपाय घड्याळच. गिऱ्हाइकाला वेळ देताना हे आधी सांगा. माझ्या पांढऱ्या केसांकडे बघून अजून कुणी दुपारी याच असा हट्ट धरलेला नाही.

पाऊस पडल्यावर

जूनअखेर बहुतेक मेकॅनिक फोन उचलत नाहीत, आणि कूलर तसाच पाणी साचून खिडकीत उभा राहतो. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि साधारण आठ-दहा दिवसांत उडायला लागतो. म्हणून तिसऱ्या वर्षी "कूलर बंद करणे" अशी वेगळी सेवा सुरू केली, 200 रुपये : टाकी रिकामी करून कोरडी पुसायची, ताट्या काढून फेकायच्या, पंप धुऊन कोरडा करून पिशवीत बांधायचा, मोटरला तेल, वरून कव्हर. पंप कुठे ठेवला ते स्टिकरवरच लिहितो, कारण मार्चमध्ये तो कुणालाच सापडत नाही. हिवाळ्यात याच घरांतून गीझरच्या अर्थिंगसाठी फोन येतात, तेही त्याच वहीत.

काकूंचा कूलर वहीत पहिल्या पानावर, पहिल्या ओळीत आहे. यंदा फेब्रुवारीत त्यांनी स्वतःच आरसीसीबी बसवून घेतला आणि मला टेस्टचं बटण दाबून दाखवायला बोलावलं.