तीन वर्षांच्या वाचकासाठी: बालविभागाच्या प्रशिक्षणाची तयारी

तालुक्यातल्या ग्रंथालयांच्या बालविभागांसाठी एक दिवसाचं प्रशिक्षण घ्यायचं ठरलं असेल, तर तीन आठवडे आधीच कामाला लागा आणि सुरुवात माणसांपासून करा. निमंत्रण ग्रंथपालांच्या नावे जातं, पण मुलांच्या खोलीत रोज बसणारी व्यक्ती बहुतेक वेळा अर्धवेळ सहाय्यक असते, नाहीतर शिपाई. पत्रात स्पष्ट लिहा की मुलांना पुस्तक काढून देणाऱ्या माणसालाच पाठवा. आपली बहुतेक सार्वजनिक ग्रंथालयं संस्था चालवतात, त्यामुळे एक दिवस मोकळा मिळणं आणि प्रवासखर्च या दोन्हींसाठी कार्यकारी मंडळाची संमती लागते. त्यासाठी पत्रात धोरणाच्या दोन ओळी घाला: 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात 3 ते 8 वर्षं हा पायाभूत टप्पा मानला आहे, आणि 5 जुलै 2021 ला सुरू झालेलं निपुण भारत अभियान 3 ते 9 वर्षांच्या मुलांच्या वाचन आणि अंकज्ञानाबद्दल आहे. सचिवांना आधार मिळतो, संमती लवकर येते. वीसपेक्षा जास्त माणसं घेऊ नका. प्रत्येकाने मोठ्याने वाचून दाखवायचं आहे, आणि चाळीस जणांत ते कधीच होत नाही.

मी भरवलेलं पहिलं प्रशिक्षण भाषणांतच संपलं. दिवसभर खुर्च्या, व्यासपीठ, हारतुरे, आणि एकाही लहान मुलाने त्या खोलीत पाऊल टाकलं नाही. तेव्हापासून माझ्या यादीत मुलांचं येणं सर्वांत वर असतं. जवळच्या अंगणवाडीच्या सेविकाताईंना आणि पर्यवेक्षिकांना आठवडाभर आधी भेटा, बारा-पंधरा मुलं त्यांच्याच नेहमीच्या वेळेत सकाळी आणायला सांगा. सतरंजी, पाणी, खाऊ, स्वच्छतागृह, चपला ठेवायची जागा, सगळं आदल्या दिवशी पाहून ठेवा. फोटो काढायचे असतील तर पालकांची परवानगी आधी घ्या.

मुलं येऊ शकत नसतील तर प्रशिक्षणार्थींनाच पिशवीत पुस्तकं घालून वस्तीवर न्या. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक 1945 मध्ये आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या. बालवाडीपर्यंत मुलं पोहोचत नाहीत हे पाहून त्यांनी आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. आपल्या बालविभागाने हा धडा अजून पुरेसा घेतलेला नाही असं मला मनापासून वाटतं.

मग पुस्तकं. वीस जणांचे चार-पाच गट करायचे, आणि प्रत्येक गटापुढे दहा-बारा तरी हवीत, म्हणजे एकूण पन्नासेक. मोठी चित्रं, पानावर एक-दोन ओळी, पुन्हा पुन्हा येणारं एखादं वाक्य, आणि मुलाच्या ओळखीचं काहीतरी, मग ती शेळी असेल, एसटी असेल किंवा पाऊस. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालय मालिकेतली, ज्योत्स्ना प्रकाशनाची, प्रथम बुक्सची पुस्तकं आपल्याच कपाटांत सापडतील. कमी पडली तर प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ आहे. 2015 पासून तिथल्या मराठी गोष्टी मोफत उतरवून छापता येतात, कारण त्यांचा परवानाच खुला आहे. नीतिकथांचे जाड संग्रह बाजूला ठेवा. ते सात-आठ वर्षांच्या मुलांना द्या.

पुस्तकं निवडताना दाखल शिक्का, म्हणजे नोंद केल्यावर मारतात तो ग्रंथालयाचा शिक्का, कुठे मारलाय तेही बघा. सशाच्या तोंडावरच ग्रंथालयाचा शिक्का बसलेली पुस्तकं मी पाहिली आहेत. पुढच्या खरेदीपासून शिक्का मागच्या पानावर मारायचा, हे प्रशिक्षणात ठरवून घ्या. तसंच वर्गीकरणाचं. पुस्तकांना विषयवार क्रमांक देण्याच्या ड्युई पद्धतीनुसार मराठी साहित्याचा क्रमांक 891.46. तो दाखल नोंदवहीत आणि कण्यावर राहू द्या, पण साडेतीन वर्षांच्या मुलीला त्याचा उपयोग नाही. तिच्यासाठी रंगीत पट्ट्या करा: प्राण्यांच्या गोष्टींना हिरवी, घरच्या गोष्टींना पिवळी. त्यासाठी रंगीत कागद, कात्री, चिकटपट्टी आणा. सुतळी आणि कपड्यांचे चिमटेही आणा. भिंतीवर मुलांच्या हाताच्या उंचीला सुतळी बांधून पुस्तकं मुखपृष्ठ दिसेल अशी टांगली, की मुलं आपणहून तिकडे वळतात.

दुपारआधीचे दोन तास वाचून दाखवण्याच्या सरावासाठी राखून ठेवा. पुस्तक मुलांच्या डोळ्यांसमोर येईल असं धरायचं, लेखकाबरोबर चित्रकाराचंही नाव घ्यायचं, ओळीखालून बोट फिरवायचं, पान उलटण्याआधी थांबायचं. प्रश्न आधी लिहून आणायला सांगा, नाहीतर सवयीने ‘तात्पर्य काय?’ निघतं. ‘आता ती काय करेल?’, ‘तुझ्या घरी असं होतं का?’ असे प्रश्न हवेत. मूल ‘कुत्रा’ म्हणालं तर आपण ‘हो, ओला झालेला कुत्रा’ म्हणून भर घालायची. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी 1988 मध्ये हाच प्रयोग पालकांबरोबर करून पाहिला, आणि महिनाभरातच त्या मुलांच्या बोलण्यात फरक दिसला. वाचणाऱ्याने फक्त वाचण्यापेक्षा मुलाला बोलतं केलं, त्याचा हा परिणाम.

आवाजांच्या खेळांसाठी वेगळा तास काढा. मराठीत इथे बरंच दडलेलं आहे. प्रशिक्षणार्थींना ‘कावळा’ म्हणत टाळ्या वाजवायला सांगा. बहुतेक जण तीन वाजवतील, कारण डोळ्यांपुढे तीन अक्षरं आहेत. मूल दोनच वाजवतं: काव-ळा. ‘घर’ला ते एकच टाळी देतं. मूल बरोबर ऐकतंय, त्याला दुरुस्त करायचं नाही, ही गोष्ट मोठ्यांच्या अंगवळणी पडायला वेळ लागतो. चहातला च आणि चाकातला च कानाला वेगळे लागतात, लिहायचे मात्र एकाच अक्षराने. ‘किडा’ लिहिताना वेलांटी क च्या आधी काढायची आणि उच्चारताना क आधी. या सगळ्या अडचणींना मुलाला शाळेत तोंड द्यायचंच आहे. म्हणून बालविभागात त्याचा कान तयार करायचा, बडबडगीतांनी, यमकांनी, एकाच आवाजाने सुरू होणारे शब्द गोळा करून. अक्षरतक्ता भिंतीवर राहू दे, पण तो पाठ करून घेऊ नका. प्रत्येकाने आपल्या भागातले दहा घरगुती शब्द लिहून आणावेत, मग ते वारलीतले असोत, पावरीतले, गोंडीतले की मालवणीतले. मूल घरच्या शब्दात बोललं तर तो शब्द आधी उच्चारून, मग पुस्तकातला सांगायचा.

पालकांशी काय बोलायचं याची तयारी करताना अमेरिकी ग्रंथालयांच्या एका उपक्रमाची मला मदत होते. ‘एव्हरी चाइल्ड रेडी टू रीड’च्या 2011 च्या आवृत्तीत त्यांनी पालकांसाठी पाचच गोष्टी ठेवल्या: बोला, गा, वाचा, लिहा, खेळा. स्वतः न शिकलेल्या आईलाही यातल्या निदान तीन आजच जमतात, आणि हे तिला ग्रंथालयाने सांगायला हवं. चित्रांवरून गोष्ट सांगितली तरी ते वाचनच, हेही सांगा.

जेवणानंतर फार काही ठेवू नका. एक लहान चर्चा पुरे, पण ती फाटक्या पुस्तकांवरच हवी. पुस्तक फाटलं की भरपाई घरून मागितली जाते, या भीतीने कपाटं बंद राहतात. चिकटपट्टीने दुरुस्त करणं आणि जीर्ण झालेलं रीतसर निर्लेखित करणं, म्हणजे नोंदीतून काढून टाकणं, दोन्ही करून दाखवा, आणि सहा वर्षांखालच्या मुलांकडून भरपाई घ्यायची नाही असा ठराव मंडळाने करावा म्हणून त्याचा मसुदा प्रत्येकाच्या हातात द्या.

निघण्यापूर्वी प्रत्येकाने गोष्टीचा एक वार आणि वेळ ठरवावी, आणि एक साधी वही न्यावी. तिच्यात किती मुलं आली हे लिहायचंच, पण कुठल्या पानावर कोणतं मूल काय म्हणालं हे जास्त लिहायचं. तीन महिन्यांनी पुन्हा भेटायची तारीख त्याच दिवशी नक्की करा, आणि त्या दिवशी वह्या घेऊन यायला सांगा.